कचेरीची शिस्त आणि घराचा उंबरठा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्यांना ती चढावीच लागते, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. न्यायाधीशांची गाठ पडते ती सर्वांत शेवटी. त्याआधी भेटतो समन्स घेऊन दारात उभा राहणारा बेलीफ, पुढची तारीख सांगणारा कारकून, साक्ष टंकून घेणारा लघुलेखक आणि नावाचा पुकारा करणारा शिपाई. सामान्य पक्षकाराच्या दृष्टीने हीच माणसे म्हणजे कोर्ट. त्यांनी पैसे मागितले, कागद गहाळ केला किंवा आतली बातमी बाहेर फोडली, तर माणसाचा न्यायावरचाच विश्वास उडतो. म्हणून त्यांना शिस्त हवी, याबद्दल कुणाचे दुमत नाही.

पण आता समजा, यातला एखादा कर्मचारी कामात अगदी चोख आहे. वेळेवर येतो, कुणाकडून चहाही घेत नाही. फक्त तो लग्नाच्या बायकोपासून वेगळा राहतो आणि दुसऱ्याच एका बाईबरोबर संसार करतो. त्याच्याविरुद्ध कुणी तक्रार केली, तर कोर्टाने त्याला शिक्षा करावी का?

काही जण म्हणतील, अवश्य करावी. जिथे दुसऱ्यांच्या वागण्याचा निवाडा होतो, तिथल्या माणसाचे स्वतःचे वागणे स्वच्छ नको का? दुसरे म्हणतील, त्याच्या घरात कोण राहते याच्याशी कोर्टाला काय करायचे आहे? पगार कामाचा मिळतो, संसाराचा नव्हे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आज मी याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

या प्रश्नाचा कीस सर्वांत बारकाईने काढला गेला तो फिलिपिन्समध्ये. तिथे कनिष्ठ न्यायालयांतील न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सर्वांवर शिस्तीचा अधिकार थेट सर्वोच्च न्यायालयाचा असतो. १९८७ च्या राज्यघटनेनेच तो दिलेला आहे. त्यामुळे कुठल्यातरी दूरच्या गावातील लघुलेखकाविरुद्धची तक्रारही अखेर मनिलाला सर्वोच्च न्यायालयापुढे जाते आणि तिच्यावर रीतसर निकालपत्र लिहिले जाते. अशी असंख्य निकालपत्रे तिथे आहेत. ती वाचताना जाणवते की, कायदा सांगणारे आणि नोकरी देणारे मालक, या दोन्ही भूमिका एकाच न्यायालयाला निभवाव्या लागत आहेत.

तिथल्या नागरी सेवेच्या नियमांत एक गुन्हा आहे. त्याचे मराठी करायचे तर 'लज्जास्पद आणि अनैतिक वर्तन' असे करता येईल. वर्षानुवर्षे त्याची ठरलेली शिक्षा अशी होती : पहिल्या वेळी ६ महिने १ दिवस ते १ वर्ष बिनपगारी निलंबन आणि दुसऱ्या वेळी बडतर्फी. यामागची न्यायालयाची भूमिकाही ठरलेली. न्यायालयाची प्रतिमा म्हणजे त्यात काम करणाऱ्यांच्या वागण्याचा आरसा. मग तो न्यायाधीश असो की सर्वांत खालचा कारकून. कामावरची नीती वेगळी आणि घरातली वेगळी, असा भेद न्यायालयाच्या सेवकाला करता येणार नाही.

या नियमाखाली येणाऱ्या तक्रारींत नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या तक्रारी पुष्कळ असतात. नवरा कोर्टात नोकरीला आहे, दुसरीकडे घर केले आहे, मुलांकडे बघत नाही. बाईने दाद मागायची कुठे? ती नवऱ्याच्या वरिष्ठांना पत्र लिहिते. हे आपल्याकडच्या श्रोत्यांनाही अनोळखी वाटणार नाही. पुढे कधी तडजोड होते, कधी दबाव येतो, आणि ती तक्रार मागे घेते. पण तिथला दंडक असा की, तक्रारदाराने माघार घेतली म्हणून प्रकरण आपोआप संपत नाही. प्रश्न आता नवरा-बायकोचा उरलेला नसून न्यायालयाच्या शिस्तीचा झालेला असतो. त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. नवऱ्याला वर्षभर बिनपगारी घरी बसवले की, ज्या मुलांच्या पोटासाठी बाईने तक्रार केली, त्यांचाच तुकडा तुटतो. शिक्षा होते, पण पदरात काही पडत नाही.

घटस्फोट नसलेला देश

हा सारा प्रकार समजून घ्यायचा तर फिलिपिन्सची एक मोठी अडचण लक्षात घ्यावी लागते. त्या देशात घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नाही. व्हॅटिकन सोडले तर जगात असा देश दुसरा नाही. अपवाद मुख्यतः मुस्लिमांचा. त्यांच्यासाठी १९७७ पासून वेगळी व्यक्तिगत कायदा संहिता आहे आणि तिच्यात घटस्फोट आहे.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. अमेरिकी अमदानीत १९१७ साली मर्यादित स्वरूपाचा घटस्फोट कायदा झाला होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्याच्या काळात, १९४३ मध्ये, तो बराच सैल झाला. पण स्वातंत्र्यानंतर १९५० साली जी नागरी संहिता लागू झाली, तिने घटस्फोट काढून टाकला. २०२० च्या जनगणनेप्रमाणे त्या देशात सुमारे ७९ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत, आणि चर्चचा घटस्फोटाला ठाम विरोध आहे. २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचे विधेयक मंजूर केले. पण वरिष्ठ सभागृहाने ते पुढे नेले नाही, आणि २०२५ मध्ये त्या संसदेची मुदत संपली तेव्हा विधेयकही बारगळले.

मग मोडलेल्या संसारातून सुटायचे कसे? कायदेशीर विभक्ती मिळते, पण तिच्यानंतर पुन्हा लग्न करता येत नाही. विवाह मुळातच अवैध होता असे न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा मार्ग आहे. त्यात सर्वांत जास्त वापरले जाणारे कारण म्हणजे जोडीदाराची 'मानसिक अक्षमता'. ते सिद्ध करायला वकील लागतो, पूर्वी मानसतज्ज्ञाचा अहवालही लागत असे, आणि वर्षे जातात. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाच्या साक्षीची सक्ती उरणार नाही असे सांगितले, तेव्हा कुठे वाट थोडी रुंद झाली. तरीही हा मार्ग परवडतो तो पैसेवाल्याला. तुटपुंज्या पगारावरचा कारकून वेगळा होतो, काही वर्षांनी कुणाबरोबर तरी राहू लागतो, मुले होतात. जगाच्या दृष्टीने तो संसार असतो, कायद्याच्या दृष्टीने अनैतिक संबंध.

त्यात भर म्हणजे व्यभिचार हा तिथे अजूनही फौजदारी गुन्हा आहे, आणि तोही दुहेरी मापाचा. १९३२ पासून लागू असलेल्या दंडसंहितेप्रमाणे विवाहित स्त्रीचा परपुरुषाशी एकदा जरी संबंध आला तरी तो गुन्हा. विवाहित पुरुष मात्र गुन्हेगार ठरतो तो दुसरीला राहत्या घरात ठेवली तर, चारचौघांत लाज वाटावी अशा रीतीने संबंध ठेवले तर, किंवा अन्यत्र तिच्याबरोबर बिऱ्हाड केले तर. 'अनैतिक' हा शब्द कुणाच्या मापाने मोजला जातो, हे यावरून कळेल.

दुभाषी बाईचा खटला

अशा परिस्थितीत २००० सालच्या जुलै महिन्यात मनिलाजवळच्या लास पिन्यास शहरातील न्यायालयात एक तक्रार आली. ती तिथल्या दुभाषी बाईविरुद्ध होती. फिलिपिन्सच्या न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते आणि साक्षीदार बोलतात आपापल्या भाषेत. म्हणून दुभाषाचे काम तिथे महत्त्वाचे. ही बाई १९९९ मध्ये नोकरीला लागली होती. तिच्या कामाविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती अशी की, ती लग्न न करता एका पुरुषाबरोबर राहते आणि तिला त्याच्यापासून मुलगा आहे. अशी बाई नोकरीत राहिली तर न्यायालयालाच हे मान्य आहे असे लोकांना वाटेल.

तक्रार करणारा गृहस्थ तिचा नवरा नव्हता, नातेवाईक नव्हता, तिच्या जोडीदाराच्या पत्नीचाही कुणी नव्हता. न्यायालयाच्या आवारात कानावर आलेल्या गप्पांवरून त्याला ही गोष्ट कळली होती. त्याचे व्यक्तिगत नुकसान काहीच झालेले नव्हते.

बाईने काहीही नाकारले नाही. तिने सांगितले ते असे. सुमारे वीस वर्षांपासून ती या पुरुषाबरोबर राहते. त्या वेळी तिचे लग्न झालेले होते, पण नवरा दुसरीबरोबर राहत होता. तो १९९८ मध्ये वारला. म्हणजे नोकरीला लागली तेव्हा ती विधवा होती आणि लग्न करायला मोकळी होती. पण तिचा जोडीदार मोकळा नव्हता. तोही पत्नीपासून वेगळा झालेला होता, आणि घटस्फोट नसल्यामुळे कागदोपत्री विवाहितच राहिला होता. हे दोघे 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे. या पंथात अशी सोय आहे की, कायद्याच्या अडथळ्यामुळे ज्यांना लग्न करता येत नाही, अशा जोडप्याने मंडळीसमोर एकनिष्ठ राहण्याची लेखी प्रतिज्ञा करायची आणि अडथळा दूर होताच रीतसर लग्न करण्याचे वचन द्यायचे. पंथाचे वडीलधारे आधी चौकशी करतात आणि मगच प्रतिज्ञा मान्य करतात. या दोघांनी ती १९९१ मध्ये केली होती. बाईचे म्हणणे, माझ्या धर्माच्या दृष्टीने हा संसार पवित्र आहे, यात अनैतिक काही नाही.

चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी तक्रार फेटाळावी अशी शिफारस केली. वरच्या प्रशासकीय कार्यालयाने मात्र नियमावर बोट ठेवून ६ महिने १ दिवस निलंबन सुचवले. अशा रीतीने हे छोटेसे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि न्यायमूर्ती रेनातो पुनो यांनी ४ ऑगस्ट २००३ रोजी त्यावर प्रदीर्घ निकालपत्र लिहिले. पुनो पुढे सरन्यायाधीश झाले.

त्यांनी आधी एक मूळ प्रश्न विचारला. कायदा जेव्हा 'अनैतिक' म्हणतो तेव्हा कुणाची नीती? उत्तर असे दिले की, सरकारी नियमातील नीती ही ऐहिक नीती असली पाहिजे. कोणत्याही एका धर्माची नव्हे. एखादी गोष्ट बहुसंख्यांच्या धर्मात पाप आहे एवढ्यावरून सरकार शिक्षा देऊ शकत नाही. त्या वर्तनामुळे समाजाच्या व्यवहाराला, त्याच्या एकत्र राहण्याला काही धक्का पोहोचतो का, हे पाहावे लागेल. विवाहसंस्था जपणे हे अशा ऐहिक हितांपैकी एक आहे, हे त्यांनी मान्य केले. म्हणजे विवाहबाह्य संबंध हा सर्वसाधारणपणे नियमाच्या कक्षेत येतोच.

पण मग दुसरा प्रश्न. तो नियम एखाद्याच्या प्रामाणिक श्रद्धेच्या आड येत असेल तर? त्या वेळी सरकारने धर्माकडे वैराने नव्हे, तर सहानुभूतीच्या तटस्थतेने पाहावे, असे न्यायालय म्हणाले. त्यासाठी तीन पायऱ्यांची कसोटी ठरवली. श्रद्धा खरी आहे की शिक्षा चुकवण्यासाठी पुढे केली आहे? तिला बाजूला सारण्याइतके सरकारचे हित खरोखरच मोठे आहे का? आणि असलेच, तर ते साधण्याचा कमीत कमी जाचक मार्ग सरकार वापरते आहे का? या तीन प्रश्नांवर पुरावा घेण्यासाठी न्यायालयाने प्रकरण परत पाठवले आणि सरकारच्या महान्यायवाद्यांना म्हणणे मांडायला सांगितले.

अंतिम निकाल २२ जून २००६ रोजी लागला. श्रद्धा खरी ठरली. प्रतिज्ञा १९९१ ची होती आणि नोकरी १९९९ ची. तेव्हा नोकरी वाचवण्यासाठी प्रतिज्ञा रचली असे कुणी म्हणू शकत नव्हते. सरकारने विवाह आणि कुटुंबाचे महत्त्व सांगितले, पण या एका जोडप्याच्या वीस-पंचवीस वर्षांच्या संसाराने विवाहसंस्थेचे नेमके काय नुकसान झाले, हे दाखवता आले नाही. त्या दोघांवर कुणी कधी फौजदारी खटलाही भरला नव्हता. तक्रार फेटाळली गेली. बाईची नोकरी राहिली. एका दुभाषी बाईच्या डोक्यावर ही टांगती तलवार जवळजवळ सहा वर्षे होती, हेही विसरता कामा नये.

हा निकाल एकमताचा नव्हता, आणि विरुद्ध मत दुबळे नव्हते. न्यायमूर्ती आंतोनियो कार्पियो यांचे म्हणणे साधे होते. विवाहित पुरुषाबरोबर बिऱ्हाड करून राहणे हा दंडसंहितेप्रमाणे गुन्हा आहे. श्रद्धेचे कारण सांगून गुन्ह्यातून सूट मिळू लागली, तर प्रत्येक जण आपापली श्रद्धा घेऊन येईल. आणि न्यायालयाचाच सेवक कायदा मोडत असेल, तर न्यायालयाने डोळे कसे मिटायचे? या युक्तिवादाला झटकून टाकता येणार नाही.

मला स्वतःला या निकालात एक उणीव जाणवते. ही बाई सुटली ती तिच्या पंथाच्या प्रतिज्ञेमुळे. तिच्याच शेजारच्या टेबलावर बसणारी, तशाच परिस्थितीत सापडलेली, पण अशी प्रतिज्ञा न देणाऱ्या कॅथलिक चर्चची बाई असती तर? संसार तोच, निष्ठा तीच, अडचण तीच. पण तिला बिनपगारी निलंबन. निकालानेही ही सूट या एका प्रकरणापुरतीच असल्याचे सांगितले. श्रद्धेला दिलेला न्याय योग्यच होता, पण मूळ प्रश्न, म्हणजे दोन प्रौढांच्या खासगी आयुष्यात मालकाने कुठवर शिरावे, हा तसाच राहिला.

व्याख्या आकसत गेली

पुढच्या काळात तिथे त्या प्रश्नाचे उत्तर थोडे थोडे मिळत गेले. २००४ मध्येच एका लघुलेखिकेच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की, अविवाहित बाईला मूल झाले आणि मुलाचा बापही अविवाहित असेल, तर तेवढ्यावरून तिला सहसा अनैतिक वर्तनाबद्दल दोषी धरता येत नाही. २०१५ मध्ये एका कॅथलिक शाळेने लग्नाआधी गरोदर राहिलेल्या कर्मचारी बाईला काढून टाकले, ते न्यायालयाने बेकायदा ठरवले. लग्नाला कोणताही अडथळा नसलेल्या दोन प्रौढांचे संमतीने आलेले संबंध ऐहिक कसोटीवर लज्जास्पद ठरत नाहीत, असा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. २००४ च्या जून महिन्यापासून तिथे न्यायालयीन कर्मचाऱ्यांसाठी खास आचारसंहिता लागू झाली. तिच्यात चार प्रकरणे आहेत : कर्तव्यनिष्ठा, गोपनीयता, हितसंबंधांचा संघर्ष आणि कामातील तत्परता. म्हणजे भेटवस्तू घेऊ नका, फाइलमधील गोष्ट बाहेर सांगू नका, नात्यागोत्याच्या माणसाला पुढे घालू नका, काम तुंबवू नका. न्यायालयाने स्वतः शांतपणे बसून आपल्या सेवकांसाठी जे नियम लिहिले, त्याच्या प्रकरणांच्या यादीत कुणाचे कुणाशी संबंध आहेत हा विषय नाही. लोकांचा विश्वास खरोखर कशाने जातो, हे ती यादीच सांगते.

अर्थात जुना नियम संपलेला नाही. २०२२ मध्ये न्यायाधीश आणि कर्मचारी या सर्वांना शिस्तीची एकच नियमावली लागू झाली, आणि तिच्यात 'घोर अनैतिकता' हा गंभीर आरोपांपैकी एक म्हणून कायम आहे. बायको-मुलांना टाकून उघडपणे दुसरा संसार थाटणाऱ्याला आजही तिथे नोकरी गमवावी लागू शकते.

आपल्याकडे काय?

आता आपल्या घरात डोकावू. आपल्याकडे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय ठरेल असे काहीही करू नये, असे त्यात सांगितले आहे. 'अशोभनीय' म्हणजे काय याची पूर्ण यादी कुठेच नाही. ती नसणे काही वेळा सोयीचे असते आणि काही वेळा धोक्याचे. पती किंवा पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्याबद्दल मात्र स्पष्ट नियम आहे : व्यक्तिगत कायद्याने मुभा असली तरी सरकारची परवानगी हवी. उत्तर प्रदेशात असाच नियम असताना तेथील एका सिंचन पर्यवेक्षकाने परवानगीशिवाय दुसरे लग्न केले आणि त्याची नोकरी गेली. ती कारवाई आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये कायम केली. सेवेत येताना जी शिस्त स्वीकारली ती पाळावी लागेल, आणि धर्माने परवानगी दिली म्हणजे धर्माने आज्ञा केली असे होत नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. फिलिपिन्सच्या निकालाशेजारी ठेवून तो वाचण्यासारखा आहे.

व्यभिचाराचे कलम ४९७ आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने रद्द केले. ते कलम पत्नीला पतीची मालमत्ता समजते, हे त्याचे मुख्य कारण. त्याआधी एक वर्ष, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्यभिचाराचा गुन्हा नाही. म्हणजे फिलिपिन्समध्ये 'हा गुन्हाच आहे' असे जे म्हणता येते, ते आपल्याकडे म्हणता येत नाही. पण गुन्हा नसला तरी घटस्फोटाचे कारण तो आहेच. आणि गुन्हा नाही म्हणून शिस्तभंगही नाही, असा सरळ हिशेबही मांडता येत नाही. सैन्यदलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले की, २०१८ चा निकाल त्यांच्या शिस्तविषयक कायद्यांना उद्देशून नव्हता. सैन्याची गोष्ट वेगळी आहे. सीमेवर गेलेल्या जवानाच्या घराचा विश्वास हा तिथे कामाचाच भाग आहे. कोर्टातल्या कारकुनाला तीच फूटपट्टी लावता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

माझे मत विचाराल तर अशा प्रकरणात चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

पहिला, या वागण्यात पदाचा वापर झाला आहे का? पोटगीच्या दाव्यासाठी खेटे घालणाऱ्या बाईला कारकुनाने 'तुमचे काम लवकर करून देतो' म्हणून जाळ्यात ओढले, तर ते त्याचे खासगी आयुष्य राहत नाही. हाताखालच्या बाईला त्रास देणे हेही खासगी नाही. त्यासाठी १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा आहे. इथे दयामाया नको.

दुसरा, कुणा खऱ्या माणसाचे नुकसान झाले आहे का? टाकलेली बायको, उपाशी मुले हे खरे नुकसान आहे. पण तिथेही शिक्षा अशी हवी की ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या हाती काही लागेल. पगारातून पोटगी कापून देणे हे बिनपगारी निलंबनापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

तिसरा, तक्रार कुणाची आहे? जिचा संसार मोडला तिची, की आवारातल्या गप्पा ऐकून पुढे आलेल्या तिऱ्हाईताची? बढतीच्या वेळीच नेमके निनावी पत्र येते, हे कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अनैतिकतेचा आरोप करायला सोपा असतो आणि पुसायला अवघड. बाईच्या बाबतीत तर तो कधीच पुरता पुसला जात नाही.

आणि चौथा, त्या माणसापुढे दुसरा मार्ग होता का? ज्याला सुटकेचा रस्ताच कायद्याने ठेवला नाही, त्याला 'तू इथे का अडकलास' असे विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे घटस्फोट आहे खरा, पण तो मिळेपर्यंत किती तारखा पडतात हे कोर्टात काम करणाऱ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? दावा आठ-दहा वर्षे चालला तर तेवढी वर्षे माणसाने एकटे राहावे, ही अपेक्षा कोर्टाने इतरांकडून करण्याआधी स्वतःच्या कामाचा वेग पाहावा.

हे चार प्रश्न विचारले की बरीच प्रकरणे आपोआप सुटतात. काही कर्मचारी खरोखर दोषी ठरतील, आणि ठरावेत. पण पुष्कळ प्रकरणांत आपल्या लक्षात येईल की लोकांची जी कुजबुज आहे, तिलाच आपण न्यायालयाची प्रतिष्ठा समजत होतो. पक्षकाराला बेलीफाच्या घरी कोण राहते याची काळजी नसते. आपले समन्स वेळेत पोहोचले का, त्यासाठी हात ओले करावे लागले का, आणि आपले म्हणणे दुभाषाने जसेच्या तसे न्यायाधीशांपर्यंत नेले का, याची त्याला काळजी असते. न्यायालयाने शिस्तीचा बडगा आधी तिथे उगारावा.